एमराल्ड लेकच्या वाटेवरचे धोंडे : आधी दगड वाचावा की जमीन?

कातळवेडा (धागाकर्ता)

रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधली बेअर लेकपासून एमराल्ड लेककडे जाणारी वाट कोलोराडोतल्या बहुतेक मराठी कुटुंबांनी कधी ना कधी चाललेली असते. भारतातून आई-वडील आले की त्यांना इथे आणायचे, निंफ लेकमधली कमळासारखी पाने दाखवायची, ड्रीम लेकच्या काठावर हॅलेट पीक पाठीशी घेऊन फोटो काढायचा आणि धाप लागली की परत फिरायचे, हा क्रम ठरून गेला आहे. वाट एका बाजूने जेमतेम २.९ किलोमीटरची आहे आणि चढही दोनेकशे मीटरचाच आहे; पण सुरुवातच २,८८० मीटरवर होत असल्यामुळे सिंहगडाच्या सवयीने भराभर पाय उचलणाऱ्याचा श्वास पहिल्या वळणालाच फुलतो.

मी गेली सहा वर्षे या वाटेने जातो आहे ते तळ्यांसाठी नव्हे, तर धोंड्यांसाठी. हिमनद्यांनी वाहून आणलेले आणि कड्यांवरून निखळून पडलेले, कुठे बैलगाडीएवढे तर कुठे दुमजली घराएवढे धोंडे या दरीत आणि शेजारच्या केऑस कॅन्यनमध्ये विखुरलेले आहेत. दोर, हार्नेस, बोल्ट यांपैकी काहीही न वापरता, फक्त घट्ट रबरी तळाचे बूट आणि हाताला लावायची चॉकची पूड घेऊन अशा धोंड्यावर चढणे म्हणजे बोल्डरिंग. प्रत्येक चढाईला 'प्रॉब्लेम' म्हणतात आणि हा शब्द मला नेमका वाटतो, कारण चार मीटरच्या दगडावर सात-आठ हालचाली कोणत्या क्रमाने करायच्या, हे कोडे कधी कधी दोन-दोन उन्हाळे सुटत नाही. ज्या जॉन गिल यांनी १९५० च्या दशकात जिम्नॅस्टिक्समधला चॉक दगडावर आणला आणि आधुनिक बोल्डरिंगचा पाया घातला, ते व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते आणि पुढे याच कोलोराडोत प्युब्लो येथे शिकवत होते, यात मला तरी काही योगायोग वाटत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. मागच्या ऑगस्टमध्ये एमराल्ड लेकच्या अलीकडच्या धोंड्यांच्या राशीत, माझ्या आवाक्यातल्या एका व्ही४ प्रॉब्लेमवर ('व्ही' हे अवघडपणाचे माप, आकडा वाढेल तसे कठीण) मी पाचव्यांदा प्रयत्न करत होतो. आधीच्या चारही वेळा मी एकाच ठिकाणी पडलो होतो, त्यामुळे दोन्ही क्रॅश पॅड, म्हणजे फोमच्या जाड गाद्या, आम्ही त्याच ठिकाणी लावल्या होत्या. पाचव्या वेळी ती अडलेली हालचाल जमली, उजवा हात वरच्या कडेवर पोचला, आणि तिथे दव होते. मी अडीच मीटरवरून पडलो. नेहमीच्या जागेपासून हातभर डावीकडे, दोन गाद्यांच्या बरोबर शिवणीवर. टाच शिवणीतून खाली गेली आणि तिथे दोन दगडांमधली फट होती. घोटा मोडला नाही, फक्त मुरगळला. पण जी वाट सकाळी तासाभरात चढून आलो होतो ती दोन मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून उतरायला साडेतीन तास लागले. मी दगडाला टेकून घोट्याला पट्टी बांधत असताना एक मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातला मांजराएवढा प्राणी, निवांतपणे येऊन माझ्या पॅडचा घामाने खारट झालेला पट्टा कुरतडत बसला होता, आणि त्याला हाकलण्याचेही त्राण कोणात नव्हते.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की डोंगरातल्या राशीमध्ये प्रॉब्लेम निवडताना दगडाच्या आधी जमीन वाचावी. पकडी कशा आहेत, पाय कुठे ठेवायचा, हे आपण तासन् तास बोलतो; पण कोणत्या हालचालीवरून पडलो तर कुठे पडू, याचा हिशेब कोणी मांडत नाही. इथल्या अनुभवी लोकांना हे पटते का, आणि नव्याने येणाऱ्यांना आपण काय सांगावे, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

---

सुळकेबाज

कातळवेडा, घोटा आता बरा असेल अशी आशा आहे. लेख आवडला, परंतु मूळ गोष्टच मला कधी कळलेली नाही. आम्ही सह्याद्रीत वाढलेले लोक. तैलबैलाची भिंत, ड्यूक्स नोज, असे काही समोर असताना पायथ्याच्या दगडांवर आम्ही चढायचो ते बोटे गरम करण्यापुरते, चहा उकळेपर्यंत. समोर हॅलेट पीकचा शेकडो मीटरचा कडा उभा असताना त्याच्याकडे पाठ करून पाच हालचालींसाठी सहा किलोची गादी तीन किलोमीटर वाहायची, यात गंमत नेमकी कशात आहे? प्रश्न खवचट वाटेल, पण मनापासून विचारतो आहे.

---

कातळवेडा

सुळकेबाज, प्रश्न खवचट मुळीच नाही. पंधरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. मोठ्या भिंतीवर चढताना मनाचा बराचसा भाग दोर, पुढचा थांबा, खाली उभा असलेला साथीदार आणि सैल दगड यांतच गुंतलेला असतो. आपल्या बेसाल्टमध्ये तर हातात आलेली पकड आधी ठोकून पाहायची आणि मगच भार टाकायचा, ही सवय अंगात मुरलेली असते. बोल्डरवर हे सगळे गळून पडते आणि एकच हालचाल उरते. एका कडेवर टाच अडकवून कंबर दोन इंच दगडाकडे ओढली की जी पकड आत्तापर्यंत निसटत होती ती अचानक धरता येते. हे दोन इंच सापडायला मला एकदा सहा शनिवार लागले होते. आणि गादीचे म्हणाल तर ती वाहण्यातही करमणूक आहे. मागच्या वर्षी बेअर लेकच्या काठावर साडी आणि पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक आजी माझ्याकडे बघून मुलाला म्हणाल्या, "अरे, हा मुलगा गादी घेऊन कुठे निघालाय? इथे मुक्कामाची सोय नाही का?" मी मराठीत उत्तर दिले तेव्हा त्यांना हसू आवरेना, आणि मग चिवड्याची एक पुडी माझ्या पिशवीत आली.

---

गाळ_आणि_खडक

खडकाविषयी थोडे लिहितो, कारण जमीन वाचायची तर ती कशी तयार झाली हे माहीत असावे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, थरांवर थर साचून झालेला. त्यामुळे त्याचे कडे आडव्या पायऱ्यांसारखे दिसतात आणि तो बऱ्याच ठिकाणी सुटा होतो. या पार्कातले नाइस आणि शिस्ट हे खडक सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि ग्रॅनाइट साधारण १४० कोटी वर्षांपूर्वीचा. खोलवर दाबाखाली भाजून निघालेल्या या खडकांत मोठे स्फटिक असतात, म्हणून पकड मिळते ती छान, आणि बोटांची सालटी निघतात तीही छान. हिमनदीने दरी कोरली, बाजूचे कडे उघडे पडले, आणि फटीत पाणी शिरून गोठण्याच्या व वितळण्याच्या चक्राने धोंडे सुटत राहिले. ही क्रिया थांबलेली नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

२८ जून २०२२ च्या दुपारी केऑस कॅन्यनच्या वरच्या भागात, हॅलेट पीकच्या उतारावरून प्रचंड मोठी दरड कोसळली. त्या वेळी खाली बोल्डरिंग करणारे लोक होते. ते पळाले आणि वाचले. त्यानंतर लेक हयाहाच्या वरचा भाग बंद करण्यात आला, आणि ते निवळशंख तळे दगडाच्या बारीक पिठाने दुधट हिरवे झाले. उताराच्या आत वर्षानुवर्षे गोठून राहिलेला बर्फ वितळणे हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानले जाते. याच केऑसमध्ये २००७ साली डॅनियल वुड्स यांनी 'जेड' हा व्ही१४ दर्जाचा, जगभर गाजलेला प्रॉब्लेम प्रथम सोडवला होता. कातळवेडा म्हणतात त्या जमिनीत मी आणखी एक भर घालतो: पायाखालची जमीन वाचाच, पण डोक्यावरचा उतारही वाचा. नवे फिकट तोंड असलेले दगड, ताजी माती, वरून अधूनमधून येणारा बारीक खडखडाट, यांपैकी काही दिसले-ऐकले तर त्या दिवशी तो प्रॉब्लेम सोडून द्यावा.

---

निंफकाठची

मी चढणारी नाही, चालणारी आहे, आणि थोडा तक्रारीचा सूर लावणार आहे. ड्रीम लेकच्या पुढे वाटेच्या कडेच्या दगडांवर पांढऱ्या चॉकचे ठिपके आणि रेघा दिसतात. माझ्या मुलीने विचारले की इथे कोणी खडूने का लिहिले आहे, आणि मला उत्तर देता आले नाही. दुसरे म्हणजे, अरुंद वाटेवर पाठीवर दोन-दोन गाद्या लादलेला माणूस वळला की मागच्याला धक्का बसतो. पार्क सगळ्यांचे आहे हे मान्य. पण ज्या जागेचे कौतुक करायला आपण जातो तिथे आपल्या खुणा मागे का राहाव्यात?

---

कातळवेडा

निंफकाठची, तुमची तक्रार रास्त आहे आणि मी तिचा प्रतिवाद करणार नाही. पकड कुठे आहे हे खालून दिसावे म्हणून काही जण चॉकच्या लांब रेघा ओढतात. त्या पुसणे हे चढणाऱ्याचेच काम आहे. मऊ केसांचा ब्रश प्रत्येकाकडे असतोच, कारण चॉकने बुजलेली पकड घासल्याशिवाय चांगली धरताही येत नाही. तोच ब्रश निघताना दोन मिनिटे फिरवायला काय हरकत असते, हे मलाही कळत नाही. तारेचा ब्रश मात्र कोणीही वापरू नये, त्याने दगडाचा पापुद्रा जातो. दगडावरचे शेवाळ आणि दगडफूल खरवडून नवे प्रॉब्लेम 'तयार' करणाऱ्यांबद्दल तर माझे मत इथे लिहिण्यासारखे नाही.

माझ्या लोकांकडून होणारी आणखी एक चूक तुम्ही लिहिली नाहीत ती मीच लिहितो. रोज वाहण्याचा कंटाळा म्हणून काही जण पॅड एखाद्या कपारीत लपवून ठेवून जातात. राष्ट्रीय उद्यानांत सामान चोवीस तासांपेक्षा जास्त बेवारस ठेवणे नियमाने निषिद्ध आहे, आणि तसे नसते तरी कुजलेला फोम कुरतडलेल्या अवस्थेत दरीभर पसरलेला मी पाहिला आहे. वाट सोडून धोंड्याकडे जातानाही दगडावरून दगडावर पाय टाकत जावे. इतक्या उंचीवरचे चिमुकले गवत आणि फुलझाडे एकदा तुडवली गेली की भरून यायला अनेक वर्षे लागतात. धक्क्याबद्दल मात्र माफी मागतो, तो बहुधा मीच असेन.

---

सांधेजोड

व्यवसायाने मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे दर उन्हाळ्यात बोल्डरिंगचे घोटे आणि मनगटे येतात. बोल्डरिंगमध्ये दोर नसल्यामुळे प्रत्येक पडणे हे जमिनीवरचे पडणे असते, ही गोष्ट भिंतीवरून आलेल्या चढणाऱ्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. पडताना दोन्ही पाय एकदम टेकावेत, गुडघे आणि कंबर वाकलेली असावी आणि वेग उरला असेल तर मागे किंवा बाजूला गडगडत जावे. हात मागे टेकवून स्वतःला सावरणे ही सगळ्यांत नैसर्गिक आणि सगळ्यांत महागात पडणारी प्रतिक्रिया आहे. मनगट आणि कोपर त्यातच जातात. हात छातीशी घ्यायची सवय सपाट जमिनीवर, बुटक्या दगडावरून मुद्दाम पडून लावावी लागते.

खाली उभ्या असणाऱ्या साथीदाराबद्दलही गैरसमज असतात. त्याने पडणाऱ्याला झेलायचे नसते. सत्तर किलोचा माणूस झेलता येत नाही, आणि झेलायला गेले तर रुग्ण एकाचे दोन होतात. त्याने कंबरेला किंवा पाठीच्या वरच्या भागाला हात लावून पडणाऱ्याला गादीच्या मध्याकडे वळवायचे असते आणि डोके दगडावर आपटू द्यायचे नसते. अंगठे बोटांना चिकटवून ठेवावेत, नाहीतर अंगठाच मोडतो. कातळवेडा, तुमच्या वेळी साथीदार कुठे उभा होता?

---

कातळवेडा

सांधेजोड, नेमक्या जागी बोट ठेवलेत. तो आधीच्या चार पडण्यांच्या जागी उभा होता, म्हणजे गाद्यांनी केली तीच चूक त्यानेही केली. आणि दोघांनाही तसे सांगणारा मीच होतो.

आता मी काय करतो ते सविस्तर लिहितो, कारण पुस्तकी सूचनांत हे फारसे सापडत नाही. दगडाखाली आल्यावर आधी बूट घालत नाही. खालच्या फटी हाताने चाचपतो आणि मोठ्या फटींमध्ये पिशव्या, जॅकेटे, पाण्याच्या रिकाम्या पिशव्या कोंबतो. खालचा दगड मात्र हलवत नाही, एकतर तो पार्कचा आहे आणि दुसरे म्हणजे एक हलवला की बाजूचा डगमगायला लागतो. त्यावर पहिला थर, त्यावर शिवणी उलट-सुलट येतील असा दुसरा थर, आणि शेवटी शिवणी झाकायला पातळशी एक चटई. पॅडची वरची बाजू कडक फोमची आणि खालची मऊ असते, ती उलटी पडली तर पाय मऊ फोममध्ये रुतून मुरगळतो. घाईत ही चूक मी दोनदा पाहिली आहे. मग प्रॉब्लेमच्या प्रत्येक हालचालीपाशी बोट दाखवून साथीदाराला मोठ्याने सांगतो की इथून पडलो तर इकडे, इथून पडलो तर तिकडे. सगळ्यांत वरची हालचाल सगळ्यांत आधी सांगतो. तिथे गादी पोचत नसेल तर वरून उतरून कड पाहून येतो: दव आहे का, माती आहे का, धरायला काही आहे का. हे सगळे करायला वीस मिनिटे लागतात आणि हसणारे हसतात.

---

चॉकबोटी

मी एप्रिलपासून डेन्व्हरच्या बंदिस्त जिममध्ये जाते आहे आणि तिथे व्ही३ पर्यंत पोचले आहे. नवऱ्याला आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन एमराल्ड लेकला जावे असे मनात होते. हा धागा वाचून जरा धास्तावले आहे. जिममधला व्ही३ आणि तिथला व्ही३ सारखाच असतो का? पॅड विकत घ्यावा लागेल का? आणि मुलाला चढू द्यावे का?

---

गाळ_आणि_खडक

चॉकबोटी, व्ही मापन टेक्सासमधल्या ह्यूको टँक्सच्या दगडांवर जॉन शर्मन यांच्यामुळे रूढ झाले. त्यांचे टोपणनाव 'व्हर्मिन', त्यातला हा व्ही. व्ही० पासून आता व्ही१७ पर्यंत ते पोचले आहे. जिममध्ये पकडी रंगवलेल्या असतात आणि पाय कुठे ठेवायचा हे दिसते. बाहेर तो शोधावा लागतो. त्यामुळे पहिल्या दिवशी व्ही१ ने दमवले तर वाईट वाटून घेऊ नका.

---

कातळवेडा

चॉकबोटी, पॅड उद्यानाच्या बाहेरच्या एस्टेस पार्क या गावात भाड्याने मिळतात; तिघांसाठी किमान तीन घ्या. गेली काही वर्षे मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बेअर लेक रोडसाठी वेळेची आरक्षित परवानगी लागते, पहाटे ५ ते संध्याकाळी ६ या वेळेत. म्हणून चढणारे लोक बहुतेक पाचच्या आत फाटक ओलांडतात, आणि ते एरवीही चांगलेच, कारण जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांचे वादळ जवळपास नेमाने येते आणि थंड दगडावर बोटांना घामही कमी येतो. हॅलेटच्या मागे ढगांचे गठ्ठे दिसू लागले की मी गाद्या गुंडाळतो, मग उरलेली हालचाल कितीही सोपी असो.

मुलाबद्दल माझे स्पष्ट मत असे की पहिल्यांदा त्याला तिथे नेऊ नका. फोर्ट कॉलिन्सजवळ हॉर्सटूथ जलाशयाच्या काठावर गाडीतून उतरून पाच मिनिटांत पोचता येईल असे दगड आहेत, खाली बऱ्याच ठिकाणी सपाट माती आहे, आणि १९६० च्या दशकात गिल यांनी सोडवलेले प्रॉब्लेम तिथेच आहेत. तो वालुकाश्म आहे, म्हणून पाऊस पडल्यानंतर एक-दोन दिवस जाऊ नका. ओला वालुकाश्म ठिसूळ होतो आणि पकड तुटली की ती कायमची जाते.

---

सुळकेबाज

वालुकाश्माचा उल्लेख आला म्हणून सांगतो, बदामीला पावसानंतर आमच्या एका गड्याच्या हातात अख्खी पकड आली होती. तो वाचला, पण त्या मार्गाचा चेहरा बदलला. बाकी वीस मिनिटे जमीन चाचपण्याची कल्पना मला अनपेक्षितपणे पटली. आम्ही हंपीला जायचो तेव्हा ग्रॅनाइटच्या त्या गोल धोंड्यांखाली भाताच्या खाचराची माती पाहून कधी विचारच केला नव्हता की पडायला इतकी चांगली जागा दुसरीकडे मिळणार नाही.

---

बेलापूरकर

नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या जागतिक स्पर्धा झाल्या तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. तिथे भिंतीखाली सलग, जाड मॅट अंथरलेली होती, शिवणीसुद्धा झाकलेल्या. स्पर्धक पाठीवर धप्पकन पडायचे आणि हसत उठायचे. ते पाहून आमच्यातली चार पोरे दुसऱ्या आठवड्यात बेलापूरच्या टेकडीवरच्या दगडांवर गेली, एक जुनी कापसाची गादी घेऊन. पुढचे सांगत नाही. फक्त एक विचारायचे आहे: अडीच मीटरवर कडेला हात लागल्यावर दव आहे हे कळले, तर त्या क्षणी उडी मारून उतरणे शक्य होते का?

---

कातळवेडा

बेलापूरकर, शक्य होते. दोन्ही पाय दगडावर होते आणि डावा हात घट्ट होता. एक हालचाल खाली उतरलो असतो तर गादीच्या बरोबर वर आलो असतो, तिथून सोडून द्यायला काहीच अडचण नव्हती. पण चार वेळा हुकलेली हालचाल नुकतीच जमली होती, आणि मी ओल्या कडेवर दुसराही हात टाकला. तो प्रॉब्लेम अजून बाकी आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पुन्हा जातो आहे, आणि या वेळी कड पुसायला पंचा घेऊन आधी मागच्या बाजूने वर चढणार आहे. चॉकबोटी, तुम्हाला यायचे असेल तर चौथा पॅड तुमचा असेल.